‘बॅटरी चार्ज होत नाही’ : क्षेत्रकार्याच्या निवासी वाहनातील एका तक्रारीचे अर्थनिदान

१. प्रास्ताविक

बोलींच्या सर्वेक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या अभ्यासकाची शिदोरी गेल्या शंभर वर्षांत पुष्कळच बदलली आहे. ग्रियर्सन यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बोलींचे नमुने मुख्यतः ठिकठिकाणांहून लिहून मागविलेले होते; त्या कामाला लेखणी, शाई आणि टपाल एवढी सामग्री पुरत असे. आजच्या सर्वेक्षकाजवळ ध्वनिमुद्रक असतो, चित्रमुद्रणाचा कॅमेरा असतो, संगणक असतो, आणि या सर्वांना वीज लागते. दूरच्या पाड्यांवर आठ-दहा दिवस मुक्काम करावयाचा असेल, तर निजण्याची, स्वयंपाकाची व कामाची सोय असलेले निवासी वाहन, म्हणजे ज्याला व्यवहारात मोटरहोम किंवा कॅराव्हॅन म्हणतात ते, सोयीचे पडते. अशा वाहनात वीज साठविणारी बॅटरी आणि वीज निर्माण करणारा जनरेटर हे दोन्ही असतात. यांपैकी एकाने दगा दिला की पंखा तर बंद पडतोच, पण त्याबरोबर कामही थांबते.

ही हानी केवळ वेळेची नसते. बॅटरी उतरली म्हणून जनरेटर चालू ठेवून मुद्रण करण्याचा मोह होतो. परंतु जनरेटरची वीज ५० हर्ट्‌झ कंपनसंख्येची असते, आणि तिचा गुणगुणाट ५०, १००, १५० अशा पटींनी मुद्रणात उतरतो. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूलभूत कंपनसंख्या सामान्यतः याच टापूत, म्हणजे १०० ते १५० हर्ट्‌झच्या आसपास, पडते. सुराघाताचा किंवा वाक्यसुराचा अभ्यास ज्याला करावयाचा आहे त्याची सामग्री अशा मुद्रणाने दूषित होते, आणि ती पुढे पूर्णपणे शुद्ध करता येत नाही. ऐंशी वर्षांच्या निवेदकाकडून तीच कथा पुन्हा तशीच मिळेल याची शाश्वती कोण देणार? म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यास बॅटरीच्या बिघाडाचे प्राथमिक निदान स्वतः करता यावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. दुरुस्तीचे काम कारागिराचेच होय; परंतु बिघाड कोठे आहे हे नेमक्या शब्दांत सांगता आले, तर कारागिराचे निम्मे काम झालेले असते.

२. परिभाषेविषयी थोडेसे

शास्त्रीय मराठीत बॅटरीला ‘घटमाला’ व जनरेटरला ‘जनित्र’ असे शब्द आहेत आणि ते सुबोधही आहेत. तथापि ‘चार्ज’ आणि ‘लोड’ या दोन संकल्पनांच्या बाबतीत अडचण उभी राहते. कोशवाङ्मयात पहिलीसाठी ‘विद्युत् भार’ हा शब्द आढळतो. आणि दुसरीसाठीही ‘भार’ हाच शब्द रूढ आहे, जसे ‘भारनियमन’. एक बॅटरीत साठणारी गोष्ट, तर दुसरी बॅटरीतून वीज ओढणारी. दोन विरुद्ध गोष्टींना एकच नाव असले म्हणजे निदानात घोटाळा होणारच. याउलट गॅरेजमधील बोलीने हा भेद उत्तम राखला आहे. ‘बॅटरी उतरली’, ‘बॅटरी चार्ज घेत नाही’, ‘बॅटरी चार्ज धरत नाही’, ‘जनरेटर लोड घेत नाही’, ‘सेल गेला’ या प्रयोगांतील प्रत्येक क्रियापद वेगळ्या बिघाडाकडे बोट दाखविते. ‘घेणे’ आणि ‘धरणे’ यांतील फरक कारागिराला पुरता ठाऊक असतो. म्हणून या लेखात कारागिरांचेच शब्द वापरले आहेत.

याच दृष्टीने पाहता, मालक कारागिरापुढे जे वाक्य उच्चारतो, ‘बॅटरी चार्ज होत नाही’, ते संदिग्ध आहे असे दिसून येते. त्याचे निदान चार अर्थ संभवतात :

(अ) वीज बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही.
(आ) पोहोचते, पण पुरेशी पोहोचत नाही.
(इ) बॅटरी वीज घेते, पण धरत नाही.
(ई) धरतेही, पण खर्च जमेपेक्षा अधिक आहे.

या चार अर्थांची कारणे भिन्न आहेत व उपायही भिन्न आहेत. चौथ्या अर्थाच्या बिघाडावर तिसऱ्याचा उपाय केल्यास नवी बॅटरी विकत घेतली जाते, आणि पंधरा दिवसांत तक्रार जशीच्या तशी परत येते. तेव्हा प्रथम अर्थनिश्चिती, मग दुरुस्ती, हा क्रम पाळावयास हवा.

३. वाहनातील विजेचे मार्ग

निवासी वाहनात बहुधा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, हिला गाडीची बॅटरी म्हणू. दुसरी दिवे, पंखे, शीतपेटी, संगणक यांसाठी, हिला घराची बॅटरी म्हणू. दोन्ही सामान्यतः १२ व्होल्टच्या. घराच्या बॅटरीकडे वीज येण्याचे मार्ग साधारणपणे चार. पहिला, गाडीच्या इंजिनावरील अल्टरनेटरकडून रिले किंवा वेगळ्या चार्जरमार्फत. दुसरा, मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या विजेवरून चार्जरमार्फत. तिसरा, जनरेटरकडून त्याच चार्जरमार्फत. चौथा, छतावरील सौरपट्ट्यांकडून नियंत्रकामार्फत.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, दुसऱ्या व तिसऱ्या मार्गाचा शेवटचा टप्पा सामाईक आहे. यावरून निदानाची पहिली कसोटी मिळते. बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज होते आणि जनरेटरवर होत नाही, तर दोष जनरेटरमध्ये किंवा त्याच्यापासून चार्जरपर्यंतच्या जोडणीत असला पाहिजे. दोहोंवरही होत नसेल, पण सौरपट्ट्यांवर होत असेल, तर संशय चार्जरवर येतो. कोणत्याच मार्गाने होत नसेल, तर बॅटरी स्वतः, किंवा तिला लागून असलेला फ्यूज, स्विच वा जोड, यांकडे वळावे.

ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत परिचित आहे. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या लघुतम युग्मात बाकी सर्व समान ठेवून एकच ध्वनी पालटतो, आणि अर्थभेदाचे उत्तरदायित्व त्या एका ध्वनीवर निश्चित करतो. बिघाडाच्या शोधातही एका वेळी एकच घटक बदलावा. घाईघाईने फ्यूज बदलला, जोड घासले आणि चार्जरही पालटला, तर बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. आणि जो बिघाड का गेला हे कळले नाही, तो पुन्हा येतो.

४. साधने व मूळ आकडे

जवळ तीन साधने असावीत : मल्टिमीटर, थेट प्रवाह मोजू शकणारा क्लॅम्प मीटर, ज्याला कारागीर टाँग टेस्टर म्हणतात, आणि पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर.

शिसे व आम्ल यांची बॅटरी गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या अशा बॅटरीत सहा सेल असतात. लोड व चार्जर दोन्ही काढून काही तास, शक्यतो रात्रभर, ती विसावू दिली असता पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ ते १२.७ भरते, निम्मी भरलेली बॅटरी १२.२ च्या आसपास असते, ११.९ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. विसावा न देता घेतलेला आकडा फसवा असतो. चार्जर नुकताच काढला असेल तर तो उगाच मोठा दिसतो, आणि पंखा चालू असेल तर उगाच लहान.

चार्ज होताना मात्र बॅटरीच्या टोकांवर याहून बरेच अधिक व्होल्टेज दिसले पाहिजे. शिशाच्या बॅटरीचा भरणा तीन टप्प्यांत होतो. पहिल्यात चार्जर आपल्या ताकदीइतका प्रवाह देतो व व्होल्टेज चढत जाते. दुसऱ्यात व्होल्टेज १४.४ च्या आसपास स्थिर राहते व प्रवाह हळूहळू उतरतो. तिसऱ्यात १३.५ ते १३.८ व्होल्टवर बॅटरी केवळ भरलेली राखली जाते. नेमके आकडे बॅटरीच्या प्रकारानुसार बदलतात. ते निर्मात्याच्या पत्रकातून टिपून वाहनात चिकटवून ठेवावेत.

५. पहिला अर्थ : वीज पोहोचतच नाही

परीक्षा सोपी आहे. चार्जर बंद असताना घराच्या बॅटरीच्या प्रत्यक्ष टोकांवर व्होल्टेज पाहावे. नंतर चार्जर सुरू करून पुन्हा पाहावे. आकडा १२.२ वरून १३ च्या पुढे चढू लागला, तर वीज येत आहे. आकडा जागचा हलला नाही, तर येत नाही. येथे आकड्यापेक्षा आकड्यातील बदल महत्त्वाचा.

वीज येत नसेल तर बॅटरीकडून उलट दिशेने चालत जावे. बॅटरीजवळचा मुख्य स्विच बंद राहिलेला नाही ना, हे प्रथम पाहावे. कित्येक तक्रारी येथेच मिटतात. नंतर फ्यूज. फ्यूज नुसत्या नजरेने पारखू नये. मल्टिमीटरची दोन टोके फ्यूजच्या दोन बाजूंना लावावीत. फ्यूज शाबूत असल्यास आकडा शून्याजवळ येतो. चार्जर बंद व दिवा-पंखा चालू असताना १२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर फ्यूज उडालेला आहे. कित्येक चार्जरांत उलट जोडणीपासून संरक्षण देणारा वेगळा फ्यूज असतो. बॅटरी बदलताना क्षणभर जरी धन व ऋण टोकांची अदलाबदल झाली तरी तो उडतो. म्हणून ‘नवी बॅटरी बसविल्यापासून चार्जिंग बंद’ अशी तक्रार असेल तेव्हा प्रथम तोच तपासावा.

चार्जरला २३० व्होल्ट मिळत नसतील तर जनरेटरकडे जावे. जनरेटर सुरू केल्यावर काही वाहनांतील ट्रान्सफर स्विच मुद्दाम काही सेकंद थांबून मगच लोड जोडतो. तेवढा विलंब हा बिघाड नव्हे. जनरेटर चालतो पण वीज देत नाही, अशा वेळी त्याचा एम.सी.बी. पडला आहे काय ते पाहून नंतर त्याच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजावे. २३० च्या जागी दोन-पाच व्होल्टच दिसत असतील, तर लोखंडात अवशिष्ट चुंबकत्व आहे, पण ते वाढविणारी यंत्रणा, म्हणजे कार्बन, कॅपॅसिटर किंवा व्होल्टेज-नियंत्रक, नादुरुस्त आहे असे अनुमान निघते. अगदी शून्य असेल, तर वेटोळे तुटले असण्याचा किंवा दीर्घकाळ पडून राहिल्याने अवशिष्ट चुंबकत्व नष्ट झाले असण्याचा संभव आहे. ते परत आणता येते, पण ते काम जाणकाराचे. कॅपॅसिटर यंत्र बंद झाल्यावरही धक्का देऊ शकतो, हे विसरू नये.

जनरेटर सुरूच होत नसेल तर एका दुष्टचक्राकडे लक्ष द्यावे. पुष्कळ वाहनांत जनरेटरचा स्टार्टर घराच्या बॅटरीवरच चालतो. बॅटरी उतरली म्हणून जनरेटर लावावयाचा, आणि बॅटरी उतरली म्हणूनच तो लागत नाही! यासाठी दोन्ही बॅटऱ्या क्षणकाळ जोडणारा आणीबाणीचा स्विच असतो; नसल्यास गाडीचे इंजिन काही वेळ चालवून घराच्या बॅटरीत थोडी वीज भरावी. जनरेटर लागून लगेच बंद पडत असेल, तर इंजिनातील तेल पाहावे. तेल कमी झाल्यास इंजिन बंद करणारा संवेदक वाहन उतारावर उभे असले तरी तेल पुरेसे असताना फसतो; डोंगराळ भागातील मुक्कामात याचा अनुभव येतो. वाहन समपातळीवर आणून पुन्हा प्रयत्न करावा. महिनोन्‌महिने न वापरलेल्या यंत्रात जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो आणि यंत्र धापा टाकीत चालते. दरमहा काही वेळ जनरेटर लोडवर चालविणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

६. दुसरा अर्थ : पुरेशी पोहोचत नाही

या वर्गात तीन निरनिराळी कारणे येतात, आणि त्यांपैकी एकही ‘बिघाड’ या शब्दाच्या रूढ अर्थाने बिघाड नाही.

पहिले कारण जनरेटरची क्षमता. समजा चार्जर ४० अँपिअरचा आहे. १४.४ व्होल्टवर तो बॅटरीस ५७६ वॅट देतो. त्याची कार्यक्षमता शेकडा ८५ धरल्यास तो सुमारे ६७८ वॅट घेतो. परंतु साध्या चार्जरचा शक्तिगुणक ०.७ च्या आसपास असू शकतो. तसे असल्यास जनरेटरवर पडणारा लोड सुमारे ९७० व्होल्ट-अँपिअर होतो. म्हणजे ‘एक केव्हीए’चा जनरेटर एवढ्या एका चार्जरनेच जवळजवळ पूर्ण व्यापला; त्यात शीतपेटी लागली की तो कोलमडतो. यालाच कारागीर ‘लोड घेत नाही’ म्हणतात. दोष जनरेटरचा नसून हिशेबाचा असतो. उपाय : चार्जरचा प्रवाह कमी ठेवावा किंवा इतर उपकरणे त्या वेळी बंद ठेवावीत.

याचाच एक सूक्ष्म प्रकार असा. साध्या जनरेटरची कंपनसंख्या इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. दोन ध्रुवांच्या यंत्रास ५० हर्ट्‌झसाठी मिनिटास ३००० फेरे लागतात. लोडखाली वेग उतरतो, म्हणून लोड नसताना तो थोडा चढाच, म्हणजे ५२ हर्ट्‌झच्या आसपास, ठेवलेला असतो. वेग याहून भलता चढलेला असेल, तर काही संवेदनशील इन्व्हर्टर-चार्जर ती वीज नाकारतात. दिवे लागतात, पंखे फिरतात, पण चार्जर मात्र ढिम्म राहतो. मल्टिमीटरवर कंपनसंख्या मोजण्याची सोय असेल तर हा दोष लगेच उघडकीस येतो.

दुसरे कारण वायर. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर घेऊन चार्जर बॅटरीपासून ६ मीटर दूर बसविला, तर जाऊन-येऊन १२ मीटर लांबी होते आणि तिचा रोध ०.०५ ओहमच्या थोडा वर भरतो. ३० अँपिअर प्रवाहास या वायरीतच सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो. चार्जर १४.४ व्होल्ट दाखवितो, बॅटरीस मिळतात १२.९. चार्जर भरणा पूर्ण झाल्याच्या भ्रमात राहतो आणि बॅटरी अर्धपोटी. तीच वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतल्यास घट ०.४ व्होल्टच्या खाली येते. गंजलेला जोड किंवा सैल थिंबलही असाच परिणाम घडविते. म्हणून चार्जिंग चालू असताना चार्जरच्या व बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज लागोपाठ मोजून त्यांतील अंतर पाहावे. अंतर मोठे असेल तर जोड एकेक करून तपासावेत. हाताला गरम लागणारा जोड बहुधा अपराधी असतो.

अल्टरनेटरच्या मार्गावर आणखी एक गोष्ट संभवते. भारत स्टेज-६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली, आणि अलीकडच्या अनेक वाहनांत इंजिनाचा संगणक इंधन वाचविण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज स्वतःच खाली आणतो. अशा वाहनात साध्या रिलेने जोडलेली घराची बॅटरी दिवसभर प्रवास करूनही भरत नाही. तेथे व्होल्टेज वाढवून देणारा स्वतंत्र चार्जर बसवावा लागतो.

तिसरे कारण वेळ, आणि तेच बहुधा दुर्लक्षिले जाते. २०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली आहे. ४० अँपिअरचा चार्जर आहे. १०० भागिले ४० म्हणजे अडीच तास, असा हिशेब आपण मनाशी करतो. तो चुकीचा आहे. शेकडा ८० पर्यंतचा भरणा सुमारे दीड तासात होतो हे खरे. पण पुढे बॅटरी स्वतःच प्रवाह आवरता घेते, आणि उरलेल्या पाचव्या हिश्शास आणखी तीन-चार तास लागतात. रोज संध्याकाळी दोन तास जनरेटर चालविणाऱ्याची बॅटरी म्हणूनच कधीही पूर्ण भरत नाही. अपुऱ्या भरण्याची ही सवय पुढील अर्थास जन्म देते.

७. तिसरा अर्थ : घेते, पण धरत नाही

बॅटरी उतरताना तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते व भरताना ते विरते. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट भरलेली राहिली तर त्याचे स्फटिक कठीण होत जातात व पुन्हा विरत नाहीत. अशा बॅटरीत सामावणारी वीजच कमी होते. लक्षण असे की, चार्ज करताना व्होल्टेज झटकन चढते, चार्जर लवकरच ‘भरली’ असे सांगतो, आणि रात्री दोन पंखे लावताच आकडा घसरतो. नवशिक्यास ही बॅटरी ‘लवकर भरणारी’ म्हणून चांगली वाटते. वस्तुतः भांडेच आक्रसलेले असते.

दुसरा प्रकार एक सेल निकामी होण्याचा. पूर्ण चार्ज करून विसावा दिल्यावरही व्होल्टेज १०.५ च्या आसपासच राहिले, तर सहापैकी एक सेल गेला असे समजावे. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी मोजता येते. भरलेल्या सेलमध्ये ती १.२६ ते १.२८, उतरलेल्यात सुमारे १.१२ असते. पाच सेल सारखे आणि एक त्यांपासून ०.०५ इतका मागे असेल, तर तोच दोषी. दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील, तर एकीतील गेलेला सेल दुसऱ्या निरोगी बॅटरीसही रिकामी करतो. म्हणून परीक्षा घेताना त्या विलग कराव्यात.

उष्णतेचाही येथे विचार करावयास हवा. तापमान चढेल तसे भरण्याचे व्होल्टेज सेलमागे अंशास सुमारे ४ मिलिव्होल्टने उतरविले पाहिजे. म्हणजे २५ अंशांस १४.४ योग्य असेल तर विदर्भातील उन्हाळ्यात ४० अंशांच्या बॅटरीस १४ च्या आसपास पुरे. तापमान न पाहणारा चार्जर अशा वेळी बॅटरीचे पाणी आटवितो. पाणी भरताना डिस्टिल्ड वॉटरच वापरावे आणि पट्ट्या उघड्या पडू देऊ नयेत.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीची लक्षणे वेगळी आहेत. तिचे व्होल्टेज भरण्याच्या बहुतांश पल्ल्यात जवळजवळ सपाट राहते. म्हणून व्होल्टेजवरून ती किती भरली हे ठरविता येत नाही, आत-बाहेर गेलेल्या अँपिअर-तासांची मोजणी ठेवावी लागते. तिच्या आतील संरक्षक यंत्रणेने परिपथ तोडला, तर टोकांवर शून्याजवळ व्होल्टेज दिसते आणि बॅटरी मेली असे वाटते. परंतु ती बहुधा जिवंत असते, व योग्य चार्जर लावताच पूर्ववत होते. शून्य अंशाखाली मात्र तिला चार्ज करू नये.

८. चौथा अर्थ : जमेपेक्षा खर्च अधिक

क्षेत्रकार्यातील एका दिवसाचा अंदाज घेऊ. ६० वॅटचा संगणक ४ तास : २४० वॅट-तास. दोन पंख्यांना मिळून ५० वॅट, ८ तास : ४००. शीतपेटी ४५ वॅट, प्रत्यक्ष चालण्याचे १२ तास : ५४०. दिवे २० वॅट, ५ तास : १००. आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवल्याबद्दल १२ वॅट, २४ तास : २८८. एकूण १५६८ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे १३१ अँपिअर-तास. शिशाची २०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, हा संकेत पाळल्यास आपणांस १०० च उपलब्ध आहेत. बॅटरी निर्दोष, चार्जर निर्दोष, तरीही पहाटे दिवे मंद होणारच.

या हिशेबातील एक रकमेकडे वाचकांचे लक्ष वेधतो. काहीही न करता चालू राहिलेल्या इन्व्हर्टरने संगणकापेक्षा अधिक वीज खाल्ली आहे. असा छुपा खर्च शोधण्याची रीत अशी : सर्व उपकरणे बंद करून बॅटरीच्या ऋण वायरीभोवती टाँग टेस्टर लावावा. प्रवाह शून्याजवळ नसेल, तर एकेक फ्यूज काढीत जावे. ज्याच्या काढण्याने आकडा पडतो, त्या शाखेत गळती आहे.

९. दोन सावधगिऱ्या

जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि निजलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. म्हणून जनरेटर चालू ठेवून निजू नये; सुटा जनरेटर वाहनात, तंबूत किंवा खिडकीखाली कदापि लावू नये; आणि निजण्याच्या जागी या वायूची सूचना देणारा भोंगा असावाच. दुसरे असे की, चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॅटरीचा कप्पा हवेशीर असावा, तेथे काडी ओढू नये, आणि बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना शेवटी लावावे.

१०. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ व्यवहारात आणावयाचा तर वाहनात एक नोंदवही ठेवावी. रोज पहाटे, काहीही सुरू करण्यापूर्वी, घराच्या बॅटरीचे व्होल्टेज; जनरेटर किती वेळ चालला; चार्जिंग चालू असताना चार्जरवर व बॅटरीवर किती आकडे दिसले : एवढ्या नोंदी पुरेत. पहाटेचा आकडा दिवसेंदिवस थोडाथोडा उतरत असेल तर चौथा किंवा दुसरा अर्थ. एकदम कोसळला तर पहिला किंवा तिसरा, हे वहीच सांगते. कारागिराकडे जाताना ‘बॅटरी चार्ज होत नाही’ असे न म्हणता, ‘चार्जरवर १४.४ आणि बॅटरीवर १२.९ दिसते’ असे म्हणता आले, तर नवी बॅटरी विकत घेण्याचा प्रसंग पुष्कळदा टळेल.

मुद्रणाच्या दृष्टीने शेवटची सूचना. जनरेटर दुपारी, निवेदक शेतावर किंवा विश्रांतीस गेलेले असताना चालवावा; मुद्रणाच्या वेळी जनरेटर व इन्व्हर्टर दोन्ही बंद असावेत, आणि ध्वनिमुद्रक त्याच्या स्वतःच्या सेलवर चालवावा. त्या सेलचा एक भरलेला जोड सदैव वेगळा ठेवावा, आणि तो इतर कोणत्याही कामास वापरू नये, मग वाहनातील दिवे गेले तरी चालतील.